सत्तेचाळिशीत, परदेशात, ऑनलाइन एमए: गटकार्य टाळू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 47. पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, मिस्टरांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये रेडिंगला आलात, मुलगी आता शिकायला बाहेरगावी गेली. शिक्षणशास्त्रात ऑनलाइन एमए करायचं मनात आहे, पण अभ्यासक्रमात गटकार्य आहे आणि त्याला गुण आहेत. तुम्ही लिहिता, "इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलताना अडखळते. या वयात अनोळखी लोकांपुढे शोभा नको. आपलं आपण करता येईल असा कोर्स सुचवाल का?"

मी इथे दूरशिक्षणात ट्यूटर म्हणून काम करते. माझे विद्यार्थी तिशीपासून साठीपर्यंतचे, नोकरी-संसार सांभाळून शिकणारे. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर याच पद्धतीनं शिकले. म्हणून उत्तर आधीच देते: एमए नक्की करा, आणि गटकार्य असलेलाच अभ्यासक्रम निवडा. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते आहे, तेच तुम्हाला शेवटपर्यंत टिकवून ठेवेल. परदेशात राहणाऱ्या माणसाला तर त्याची गरज दुप्पट असते.

एकट्यानं व्हिडिओ बघून करायचे कोर्स वाईट नसतात. पण 2012 नंतर जे मोठमोठे मोफत कोर्स सुरू झाले, त्यांचा अनुभव काय सांगतो? नाव नोंदवणारे हजारोंनी असतात आणि पूर्ण करणारे शंभरात पाच-दहाच्या घरात. ही माणसं आळशी नसतात. पाचव्या आठवड्यात घरात कुणी आजारी पडतं, सहाव्यात पाहुणे येतात, आणि आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. गटात तीन-चार माणसं तुमच्या भागाची वाट बघत असतात. ती जबाबदारी प्रौढ माणूस सहसा टाळत नाही. तुम्ही तर शिक्षिका आहात.

हे ओळखणारे लोक दूरशिक्षणात पहिल्यापासून होते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. पदवीसाठी आधीच्या शिक्षणाची अट नाही, पाठ्यसाहित्य टपालानं घरी, आणि बीबीसीवर अवेळी लागणारे कार्यक्रम. पण त्याच्या जोडीला पहिल्यापासून प्रत्येकाला ट्यूटर होता, गावोगावी अभ्यासकेंद्रं होती, उन्हाळ्यात निवासी शिबिरं होती. नाशिकला 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. तिथेही पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रं आलीच. तुमच्या शाळेतल्या कुणी ना कुणी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलीच असेल. त्यांना विचारून बघा, पुस्तकं आठवतात की रविवारच्या संपर्कसत्राला भेटणाऱ्या मैत्रिणी.

आता तासांचा हिशोब, कारण बरेच जण इथेच फसतात. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण 10 तासांचा अभ्यास. एमएला 180 क्रेडिट लागतात. वर्षाला 60 घेतले तर 600 तास, आणि ऑक्टोबर ते जून असा काळ धरला तर आठवड्याला 16 ते 18 तास. म्हणजे रोज अडीच तास, किंवा चार दिवस चार-चार तास. हे तास "वेळ मिळेल तसे" कधीच निघत नाहीत. नवऱ्याबरोबर बसून कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा, आणि त्या वेळी स्वयंपाकघर कुणाकडे हेही ठरवा. आपल्या घरांमध्ये बाई लॅपटॉपसमोर बसली की ती मोकळीच आहे, असं सगळ्यांना वाटतं. दार लावून बसायची सवय घराला लावावी लागते, आणि ती पहिल्या पंधरवड्यात लागली नाही तर पुढे फार जड जातं.

आपल्या लोकांच्या वर्षाचं गणितही वेगळं पडतं. ऑक्टोबरमध्ये अभ्यासक्रम सुरू होतो आणि पहिला स्वाध्याय बरोबर दिवाळीच्या आसपास येतो. मे-जूनमध्ये शेवटचं मोठं लेखन असतं आणि नेमके तेव्हा भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे उन्हाळ्यासाठी येतात, व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत. मी विद्यार्थिनींना सांगते, तिकिटं काढायच्या आधी अभ्यासक्रमाच्या तारखा घरात सांगा. वडीलधारी माणसं समजून घेतात. "सूनबाई परीक्षेची तयारी करते आहे" हे त्यांना अभिमानानं शेजारी सांगायचंच असतं, फक्त ते जूनमध्ये आल्यावर नव्हे, जानेवारीत कळायला हवं.

वयाबद्दल तुम्ही लिहिलंय की आता पूर्वीसारखं लक्षात राहत नाही. यात थोडं तथ्य आहे. नवी माहिती झरझर हाताळण्याचा वेग विशीनंतर हळूहळू कमी होतो. पण शब्दसंपदा आणि युक्तिवाद समजून घेण्याची ताकद मध्यमवयात चांगली टिकून असते, कित्येकांची वाढते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात 1956 मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं. एमएला नेमकं हेच लागतं: दोन लेख वाचून त्यांत कुठे मतभेद आहे ते ओळखणं, आणि स्वतःच्या अनुभवावर ते तपासणं. पाठांतराचा भाग फार थोडा.

लक्षात राहण्यासाठी एक सवय मात्र लावा. लेख पुन्हा पुन्हा वाचू नका, खुणा करून पानं पिवळी करू नका. एकदा नीट वाचा, बंद करा, आणि कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिहा. मग उघडून पडताळा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवून दिलं की आठवण्याचा प्रयत्न करणारे विद्यार्थी आठवड्यानंतर, फक्त पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात. कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. मी अजूनही अवघड लेख आधी मराठीत मांडते आणि मग इंग्रजीत लिहायला घेते.

आता गटकार्याकडे येते.

ते प्रत्यक्षात कसं असतं हे कळलं की निम्मी भीती जाते. चार-पाच जणांचा गट, तीन-चार आठवडे, आणि एक काम: एखाद्या शैक्षणिक प्रश्नावर आराखडा किंवा संयुक्त अहवाल. नव्वद टक्के काम लिहून होतं. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या वेळी चर्चेच्या पानावर लिहितो, दुसरे वाचून उत्तर देतात, मसुदा एकाच दस्तऐवजात सगळे मिळून तयार करतात. समोरासमोर व्हिडिओवर भेट एखाद-दुसरी, आणि तिथेही बाजूच्या चॅटमध्ये टाइप करून भाग घेता येतो. म्हणजे बोलताना अडखळणाऱ्या, पण लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला ही पद्धत वर्गापेक्षा कितीतरी सोपी. वर्गात दहा सेकंदांत उत्तर द्यावं लागतं, इथे तुम्ही रात्रभर विचार करून सकाळी लिहू शकता.

अडचण भाषेपेक्षा सवयींची असते. मराठी विद्यार्थी, त्यातही बायका, पुष्कळदा पहिल्या आठवड्यात काहीच लिहीत नाहीत. आधी सगळं वाचू, नीट समजून घेऊ, मग चांगलं सविस्तर लिहू, असा विचार असतो. तोवर गटाची घडी बसलेली असते, कामं वाटली गेलेली असतात, आणि या बाईंना रस नाही असं बाकीच्यांना वाटलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत लिहा. चार ओळी पुरेत: मी कोण, कुठे शिकवलं, कोणत्या वेळी ऑनलाइन असते, आणि यातला कोणता भाग मला घ्यायला आवडेल.

दुसरी सवय म्हणजे उघडपणे असहमती न दाखवणं. एखाद्याचं म्हणणं पटलं नाही तर आपण गप्प बसतो किंवा ट्यूटरला खासगी मेल करतो. मला असे मेल दर वर्षी येतात, आणि त्यांतले मुद्दे फार चांगले असतात. ते गटात आले असते तर अहवाल सुधारला असता. समोरच्याचा मुद्दा नाव घेऊन आधी मांडा, त्यात काय पटलं ते सांगा, मग तुमचा अनुभव वेगळा काय आहे ते लिहा आणि प्रश्नावर थांबा. एवढं केलं की कुणाचा अपमान होत नाही आणि चर्चा पुढे सरकते. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांपुढे तुम्ही हे कैक वेळा केलं असेल.

तिसरी गोष्ट, काम मागून घ्या आणि ते नेमकं असू द्या. "मी काहीही करेन" असं म्हणणाऱ्या माणसाच्या वाट्याला उरलेलं काम येतं. त्याऐवजी "बुधवारपर्यंत मी संदर्भांची यादी आणि पहिल्या भागाचा मसुदा टाकते" असं लिहा. बोलण्याची धास्ती असेल तर बैठकीची टिपणं घेण्याचं काम घ्या. टिपणं घेणारा माणूस प्रत्येक निर्णयाशी जोडलेला असतो, आणि काही कळलं नाही तर पुन्हा विचारायचा त्याला हक्कच असतो.

माझ्या एका गटातला प्रसंग सांगते. ग्रामीण शाळेतल्या मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम आखायचा होता. गटात उत्तर इंग्लंडमधली एक नर्स, स्कॉटलंडमधला ग्रंथपाल, मस्कतमध्ये राहणारी एक शिक्षिका आणि डब्लिनला आलेली जळगावकडची एक बाई. पहिल्या आराखड्यात प्रत्येक मुलासाठी टॅबलेट, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक, शाळेत वायफाय, सगळं गृहीत धरलेलं. आठवडाभर गप्प असलेल्या जळगावच्या बाईंनी मग एक मोठी टिप्पणी लिहिली. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुलं दोन शिक्षक कशी सांभाळतात, एका कोपऱ्यात तिसरीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून कशी दाखवतात, ऊसतोडीच्या हंगामात पट कसा कमी होतो आणि मुलं परत आल्यावर कुठून सुरुवात करावी लागते. इंग्रजी साधं होतं, व्याकरणाच्या चुका होत्या. पण त्या टिप्पणीनंतर अख्खा आराखडा नव्यानं लिहिला गेला. मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवण्याची कल्पना त्याचा कणा झाली. ग्रंथपालांनी स्कॉटलंडच्या बेटांवरच्या छोट्या शाळांशी ती जोडून दाखवली, कारण तिथेही एकाच वर्गात अनेक इयत्ता बसतात.

प्रौढ विद्यार्थ्याकडे ही शिदोरी असते आणि ती गटात उघडली तरच कामाला येते. कॅनडात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी 2000 मध्ये ऑनलाइन शिक्षणाची एक चौकट मांडली. त्यांच्या मते शिकणं घडायला तीन गोष्टींची उपस्थिती लागते: विचारांची, शिकवण्याची आणि माणसांची. माणसं एकमेकांना खरी वाटली नाहीत तर विचारही खोल जात नाही. मी शिकवते तेव्हा पहिले दोन आठवडे मुद्दाम या तिसऱ्या गोष्टीवर घालवते.

वेळेच्या फरकाबद्दल एक व्यावहारिक सूचना. ब्रिटन आणि भारतात उन्हाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेपाच. इथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आखातात आणि भारतात बदलतच नाहीत. गटात तीन देशांतली माणसं असली तर मार्चमध्ये बैठकीचा हमखास गोंधळ होतो. बैठकीची वेळ नेहमी शहराच्या नावासह लिहा.

आणि गटात एखादा माणूस गायब झाला तर? असं होतंच. दोन दिवस थांबा, त्याला थेट आणि आपुलकीनं लिहा, उत्तर नाही आलं तर ट्यूटरला कळवा आणि काम पुन्हा वाटून घ्या. त्याचं काम गुपचूप स्वतःवर ओढून घेऊ नका. आपल्या बायका हे फार करतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात आजारी पडतात.

गुणांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश विद्यापीठांमध्ये पदवीला साधारणपणे 40 ला उत्तीर्ण आणि 70 ला प्रथम वर्ग, एमएला उत्तीर्ण होण्याची रेषा बहुतेक ठिकाणी 50. पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या आपल्या माणसाला पहिल्या स्वाध्यायात 62 बघून रडू येतं. 62 हे चांगले गुण आहेत. गुणांपेक्षा ट्यूटरचा अभिप्राय वाचा, आणि भाषा कितीही मृदू असली तरी त्यातली प्रत्येक सूचना ही दुरुस्ती समजून पुढच्या स्वाध्यायात करा. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह आणि संदर्भ हवाच. आपल्याकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिणं ही हुशारी मानली जायची, इथे ते वाङ्मयचौर्य ठरतं.

पैसे आणि कागदपत्रं. डिपेंडंट व्हिसावर शिकता येतं, पण सरकारी विद्यार्थी कर्ज त्या व्हिसावर साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे फी स्वतःची धरूनच चाला. पुण्याच्या पदवीची तुलना इथे यूके एनिक ही संस्था करून देते, विद्यापीठानं मागितलं तरच ते घ्या. पुढे भारतात परत जाऊन ही एमए नोकरीसाठी वापरायची असेल तर ऑनलाइन परदेशी पदवीच्या समकक्षतेची चौकशी आत्ताच करा, पदवी हातात आल्यावर नव्हे.

आता तुमच्या पत्रातली ओळ, "दिवसभर घरात कुणाशी बोलणं होत नाही". मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ऑनलाइन शिक्षणाचा एक धोका मी जवळून बघितलाय: हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, माणूस अभ्यासाच्या निमित्तानं आणखी घरात कोंडून घेतो, बोलणं होतं ते भारतातल्या बहिणीशी. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी अभ्यास घराबाहेर करा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात फुकट टेबल मिळतं, शिवाय तिथली माणसं ओळखीची होतात. दूरशिक्षणाच्या अनेक विद्यार्थ्यांना स्कोनल योजनेतून जवळच्या दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातही बसता येतं, तुमच्या विद्यापीठाला विचारा. ट्यूटर गटात तुमच्या भागातलं कुणी असेल तर महिन्यातून एकदा कॉफीला भेटा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, रेडिंगहून जाणंही अवघड नाही, गणपतीला जरूर जा. पण इंग्रजी बोलायचं धाडस वाढवायचं असेल तर वाचनालयातली तेवढ्यापुरती ओळख आणि कॉफीची मैत्रीणच कामाला येते.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. परदेशात शिकणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या वर्षात केव्हातरी भारतातून फोन येतो, वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. तिकीट काढून निघावं लागतं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचायचा प्रयत्न करणारे विद्यार्थी मला माहीत आहेत. तसं करू नका. विमानतळावरून ट्यूटरला एक ओळ लिहा: वडील आजारी आहेत, मी जाते आहे. मुदत वाढवून मिळते, गरज पडली तर मोड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचा तो भाग, पुढच्या वर्षावर टाकता येतं. गटालाही एक ओळ लिहा. माझ्या अनुभवात अशा वेळी गट सावरून घेतो, आणि परत आल्यावर त्या विद्यार्थिनीला पुन्हा उभं करणारेही तेच असतात. आपलं आपण करायच्या कोर्समध्ये ही ओळ ज्याला लिहावी असं कुणी नसतं.

या आठवड्यात एवढं करा. ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्न या मोफत संकेतस्थळावर शिक्षणशास्त्राचा एखादा वरच्या पातळीचा छोटा कोर्स घ्या आणि दोन आठवडे ठरलेल्या वेळी बसून बघा. तास निघतात का, हे त्यातून कळेल. मग जी दोन-तीन विद्यापीठं मनात आहेत त्यांना लेखी विचारा: एका ट्यूटरमागे विद्यार्थी किती, गटकार्याला एकूण गुणांपैकी किती वाटा, गटातला माणूस सोडून गेला तर मूल्यमापन कसं करता, आणि मोड्यूल पुढे ढकलायचे नियम काय. ज्या विद्यापीठाकडून या चारही प्रश्नांची स्पष्ट उत्तरं येतील, तिथे ऑक्टोबरसाठी अर्ज करा. पहिल्या वर्षी एकच मोड्यूल घ्या, आणि गटात पहिल्या दोन दिवसांत लिहायच्या त्या चार ओळी आत्ताच तयार करून ठेवा.